नात्याचा रकाना

त्या कागदावर शेवटचा रकाना नात्याचा होता. निवड समितीतल्या कुणाशी उमेदवाराचं नातं किंवा व्यवहाराचा संबंध आहे काय, असल्यास तपशील द्यावा. रकाना कोरा होता. त्याखाली पाच सह्या होत्या आणि त्यातली चौथी माझी.

पद सरकारी होतं, मोठं होतं. दहा वर्षांच्या अनुभवाची अट होती. उमेदवाराने ती भरून दाखवली होती, पण त्यातली चार वर्षं एकाच दाखल्यावर उभी होती आणि दाखला देणारी संस्था त्याच्या सासऱ्यांची. सासरे आणि आमचे अध्यक्ष एका ट्रस्टवर विश्वस्त. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. चहा आला, बिस्किटं आली, प्रश्न विचारून झाले, कागद फिरला. मी गप्प का राहिलो, ते मला त्याच क्षणी कळत होतं. माझ्या मुदतवाढीची फाईल त्याच अध्यक्षांकडे पडून होती.

यंदा झाशीला गेलो तेव्हा तो कोरा रकाना पुन्हा डोळ्यांपुढे आला. माझं बालपण या गावात गेलं. वडील रेल्वेत होते; घरात मराठी आणि दाराबाहेर बुंदेली. ज्या गणेश मंदिरात 1842 साली, पुढे झाशीची राणी झालेल्या मनकर्णिकेचं लग्न लागलं, तिथे आम्ही गणपतीच्या दिवसांत आरतीला जायचो. झाशीचं नाव काढलं की लोकांना घोडा, तलवार आणि पाठीला बांधलेलं मूल आठवतं. मला आता या वयात त्याच्या आधीची कागदपत्रं जास्त छळतात. कारण झाशी पहिल्यांदा गेली ती कागदावर.

मुळात झाशी ही नेमणुकीचीच जागा. पेशव्यांनी नेमलेला सुभेदार इथला कारभार बघायचा. नाशिककरांना ज्यांची घंटा ठाऊक आहे त्या नारोशंकरांनी इथे किल्ला वाढवला, गाव वसवलं. किल्ल्याच्या त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. 1757 मध्ये पेशव्यांनी त्यांना परत बोलावलं आणि ते गेले. पुढे काही सुभेदार बदलले आणि 1770 च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर आले. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, लांज्याजवळच्या कोटचे. रघुनाथ हरींनंतर त्यांचे भाऊ शिवरावभाऊ आणि मग शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव. बोलावलं की परत जायचं, अशी जी जागा होती ती हळूहळू घराण्याची झाली. नेवाळकरांबद्दल मला आपुलकी आहे, तरी हे मला खुपतं. पुण्यातली सत्ता दुबळी होत गेली तसं लायकी कुणी पाहायची हा प्रश्नच मिटला. मुलगा आहे, भाऊ आहे, एवढं पुरेसं ठरू लागलं.

कोटच्याच परिसरातलं प्रभावळी म्हणजे शिवकाळातला एक सुभा. तिथल्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, 1676 साली महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. चोरी करणार नाही अशी शपथ तू घेतली आहेस, याची आठवण त्यात आधी करून दिली आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही मन लावू नकोस, ही ताकीदही त्यात आहे. मग कामाचा तपशील येतो: गावोगाव फिर, कुणब्यांना गोळा कर, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैल दे, बियाणं दे, वसुली मुद्दलाचीच कर. पद मिळण्याची पात्रता आणि पदावर राहण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पत्रात लख्ख दिसतं. आपण पहिलीची प्रमाणपत्रं तपासतो आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही.

1817 मध्ये कंपनी सरकारने रामचंद्ररावांशी तह करून झाशीचं राज्य त्यांना आणि त्यांच्या वारसांना कायमचं मान्य केलं. 1853 च्या नोव्हेंबरात झाशीचे राजे आणि राणीचे पती गंगाधरराव मरणाच्या दारात असताना त्यांनी आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतलं, नाव ठेवलं दामोदरराव. तारीख 20. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस समारंभाला हजर होते. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले.

दत्तक मान्य करायचा की नाही हे ठरवायचं होतं गव्हर्नर जनरल डलहौसीने. दत्तक अमान्य झाला तर राज्य जाणार होतं कुणाकडे? कंपनीकडे. राणीला दाद मागायची तर कुणाकडे? पुन्हा डलहौसीकडे, आणि त्याच्यावर लंडनला कंपनीच्याच संचालक मंडळाकडे. डलहौसीने 1854 च्या फेब्रुवारीत निर्णय लिहिला. त्याचा एक आधार नीट वाचावा असा आहे: झाशीचे राजे मुळात पेशव्यांचे सुभेदार, नेमलेली माणसं, म्हणून त्यांचा दत्तक राज्याला वारस ठरू शकत नाही. दुसऱ्याची पात्रता इतकी बारकाईने खोदून काढणाऱ्याला आपलं हित या निकालात किती गुंतलंय, हे कुठे नोंदवावंसं वाटलं नाही.

राणीने आपल्या खलित्यांत ओरछा, दतिया या संस्थानांचे दाखले दिले; तिथे दत्तक चालले होते. जॉन लँग नावाचा, ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील बोलावून घेतला. उपयोग झाला नाही. महिना पाच हजार रुपयांचा तनखा ठरला आणि मग नवऱ्याची कर्जंही त्यातूनच फेडायला सांगितली गेली.

मला या सगळ्यात एलिसकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटतं. तो कंपनीचा नोकर. झाशी खालसा झाली तर त्याच्या मालकाचा फायदा. तरी त्याने वर लिहून कळवलं की ओरछाशी झालेला तह आणि झाशीशी झालेला तह यांत फरक करता येत नाही. तिथे दत्तक चालतो तर इथेही चालला पाहिजे. त्याचं ऐकलं गेलं नाही. पण ते कागदावर राहिलं. पावणेदोनशे वर्षांनी ते वाचता येतं, आणि त्यामुळेच दुसरी बाजू कंपनीच्याच माणसाने मांडली होती, हे सिद्ध होतं.

असा एक माणूस खोलीत असणं किती मोलाचं असतं, ते आपल्या काळातही दिसलं. 2010 मध्ये पी. जे. थॉमस यांना केंद्रीय दक्षता आयुक्त नेमायचं ठरलं. केरळच्या पामोलिन तेल आयात प्रकरणात त्यांचं नाव होतं. तिघांच्या निवड समितीत विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी असहमती लिहून दिली. बहुमताने नेमणूक झालीच. 3 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. शिस्तभंगाची कारवाई सुचवणाऱ्या जुन्या सरकारी नोंदी समितीने विचारात घेतल्याच नव्हत्या. थॉमस दोषी आहेत की नाहीत यात न्यायालय शिरलं नाही. त्या संस्थेची सचोटी शाबूत राहते का, एवढंच पाहिलं. 2022 मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूकही गेली. प्राध्यापकपदाची दहा वर्षं भरत नव्हती. अशा निकालांच्या बातम्या वाचताना माझे कान गरम होतात. दहा वर्षांचं गणित मीही एकदा डोळ्यांसमोरून जाऊ दिलं होतं.

लोक म्हणतात, माणूस कामाचा असला तर कागद कशाला बघायचे? मला हे पटत नाही. आमचा उमेदवार कामाचा होता की नाही हे आम्ही तपासलंच नाही, कारण तपासायला गेलो असतो तर सासऱ्यांचा दाखला मध्ये आला असता. एक गोष्ट झाकायची म्हणून बाकी सगळंच झाकावं लागतं. त्या दिवशी बाहेर बाकावर आणखी सहा उमेदवार बसले होते. त्यांच्यातल्या एका बाईंच्या हातात पुठ्ठ्याची फाईल होती, कडा झिजलेली. त्यांची दहा वर्षं खरी होती. मी अर्ज वाचला होता. त्यांना आम्ही सात मिनिटं दिली.

लक्ष्मी तलावाच्या काठी गंगाधररावांची छत्री आहे. संध्याकाळी तिथे बसून राहिलो. घरी परतल्यावर त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. निवडीचा दिवस लिहिला, पदाचं नाव लिहिलं. मग लिहिलं की चौथी सही माझी आहे. सही करताना नात्याचा रकाना कोरा आहे हे मला दिसत होतं, आणि तिथे काय लिहायला हवं होतं हेही मला माहीत होतं. खाली ते सगळं क्रमाने लिहिलं: दाखला, सासरे, ट्रस्ट, आणि शेवटी माझी मुदतवाढ. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती एलिसबद्दलच्या माझ्या टिपणांच्या वहीत ठेवली आहे.