लगाम

जिभेला लगाम घालावा, खर्चाला लगाम घालावा, असे आपण नेहमी म्हणतो. लगाम म्हणजे आवर घालण्याचे साधन, एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. पण ज्याच्या तोंडात खरा लगाम असतो, त्या मुक्या प्राण्याला काय वाटत असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मला तो विचार करायला शिकवले आमच्या आळीतल्या एका टांगेवाल्यांनी.

१९७० च्या सुमारास नाशिकमध्ये टांगे पुष्कळ होते. आमच्या घरासमोरच या टांगेवाल्यांचा तबेला होता. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांचा सारा संसार एका टांग्यावर आणि एका जनावरावर चाले. त्या वर्षी त्यांनी सारंगखेड्याच्या बाजारातून एक तट्टू आणले. ते अंगाने ठेंगणे, रंगाने तांबूस आणि चालीला चपळ होते. पण टांग्याला जुंपले की मान झटकू लागे. लगाम जरा खेचला की तोंड वासून डोके वर फेकी. एके दिवशी भर रस्त्यात ते असे बिथरले की टांगा उलटता उलटता राहिला. आत एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडे बसली होती.

अड्ड्यावरचे लोक म्हणाले, "जनावर नाठाळ आहे. काटेलगाम घाला, नाहीतर विकून टाका." काटेलगाम म्हणजे ज्याच्या तोंडातल्या भागाला टोकदार काटे असतात असा लगाम. तो खेचला की काटे तोंडात रुततात आणि वेदनेने जनावर थांबते.

काकांनी कोणालाच उत्तर दिले नाही. संध्याकाळी त्यांनी तट्टाला मोकळे केले, थोपटून शांत केले आणि मला हाक मारली, "इकडे ये बाळ. पण समोर नको, बाजूला उभा राहा." मग ओठांच्या कोपऱ्यात अंगठा घालून त्यांनी त्याचे तोंड हळूच उघडले.

घोड्याचे तोंड मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. पुढे वर सहा आणि खाली सहा असे चरण्याचे दात होते. अगदी मागे दाढांच्या रांगा होत्या. या दोहोंच्या मध्ये मात्र बरीचशी जागा मोकळी, नुसत्या हिरडीची होती. लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, ज्याला कडियाळे म्हणतात, तो याच मोकळ्या जागेत जिभेवरून आडवा बसतो. तेथे हिरडीखाली लगेच हाड असते. "आपल्या नडगीला काठी लागली म्हणजे कशी कळ येते?" काकांनी विचारले. "तसेच हे. मधे मांस नाहीच." तट्टाच्या हिरडीवर एक लालभडक व्रण होता आणि जीभ एका कडेला सुजली होती.

काकांनी एक गुळगुळीत काडी त्याच्या तोंडात आडवी धरली आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी खडूने खुणा केल्या. अंतर भरले जेमतेम सव्वाचार इंच. जनावराबरोबर आलेले कडियाळे मात्र पाच इंचांहून अधिक लांब होते. मोठ्या घोड्याचे कडियाळे कोणीतरी या तट्टाच्या तोंडात घातले होते. ते इकडून तिकडे सरके. शिवाय त्याच्या मधोमध एक सांधा होता. लगाम खेचला की तो सांधा दुमडे आणि अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी जीभ त्यात सापडे.

दुसरी गोष्ट जाडीची. जाड कडियाळे सौम्य आणि बारीक कडियाळे कडक, असे पुष्कळ जण मानतात. त्यात तथ्यही आहे. कारण दाब अधिक जागेवर विभागला जातो. पण लहान तोंडात जीभ मांसल आणि टाळू खाली असतो. तेथे जाड लोखंड मावतच नाही आणि ज्याला आपण दया समजतो तीच शिक्षा होऊन बसते. म्हणून काकांनी लोहाराकडून मध्यम जाडीचे, गुळगुळीत, सांधा नसलेले आणि जिभेला जागा मिळावी म्हणून किंचित कमानदार असे कडियाळे करून घेतले. दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराहूनही कमी जागा मोकळी ठेवली.

व्रण भरून येईपर्यंत काकांनी टांगा जुंपला नाही. त्या दहा-बारा दिवसांत त्यांच्या घरची चूल कशी पेटली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. मग एका थंडीच्या पहाटे त्यांनी नवे कडियाळे आधी दोन्ही तळहातांत धरून ऊबदार केले आणि नंतरच तट्टाच्या तोंडात दिले. ते लगेच सुधारले असे नाही. पहिले काही दिवस लगाम हलताच ते दचके. "तोंड बरे झाले, पण भीती अजून गेलेली नाही," काका म्हणत आणि हात आणखी हलका करीत. महिन्याभरात मान झटकणे थांबले. पुढे कित्येक वर्षे त्या 'नाठाळ' तट्टाने शाळेची मुले सुखरूप पोहोचवली.

स्वार घोड्याच्या पाठीवर असतो. पायांच्या दाबाने आणि बैठकीनेही तो आपले मन घोड्याला कळवू शकतो. टांगा हाकणारा मात्र दूर बसलेला असतो. आवाज, चाबूक आणि लांबलचक लगाम, एवढीच त्याची साधने. म्हणून गाडीच्या घोड्याचे कडियाळे निवडताना अधिकच काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत ३४ इंचांहून अधिक उंच नसलेल्या इवल्याशा घोड्यांना हलक्या गाड्या जोडतात. त्यांच्या मालकांनाही हाच प्रश्न पडतो. कारण मोठ्या घोड्याचे साहित्य नुसते लहान करून त्यांचे भागत नाही. त्यांचेही तोंड उघडून पाहावे लागते.

आपल्या देशात ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. काटेरी लगामाला त्या नियमांनी मनाई केली आहे. पण लगाम बेताचा आहे की नाही, हे कायदा रोज येऊन पाहू शकत नाही. ते माणसानेच पाहावे लागते.

आता टांगे दिसेनासे झाले आहेत. तरी वरातीत, माथेरानच्या वाटांवर घोडे भेटतात. एखादा घोडा सारखी मान झटकत असेल, तोंड वासत असेल किंवा जीभ बाहेर काढत असेल, तर तो खोडकर आहे असे लगेच म्हणू नये. त्याच्या धन्याला नम्रपणे विचारावे, "काका, याचे तोंड दुखत तर नाही ना?"