आल्समेरचे घड्याळ

हॉलंडला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पवनचक्क्या पाहिल्या का, आणि ट्यूलिपच्या बागेत फोटो काढला का? पवनचक्की मी आगगाडीच्या खिडकीतून पाहिली. ती बंद होती. ट्यूलिपचा योग जमला नाही, कारण ती फुले एप्रिलात फुलतात आणि आम्हां प्राध्यापक मंडळींना परदेशाचे डोहाळे दिवाळीच्या सुट्टीत लागतात. पण फुले मात्र मी तिथे इतकी पाहिली, की यापुढे एखाद्या समारंभात कोणी माझ्या हाती गुच्छ ठेवला तर त्याचा वास घेण्याआधी त्याचा भाव काय फुटला असेल हा विचार मनात येईल.

परका देश पाहायचा तर राजवाड्याआधी त्याचा बाजार पाहावा, असे माझे जुने मत आहे. म्हैसूरला गेलो तेव्हाही मी आधी देवराज मार्केटात शिरलो होतो, आणि त्याबद्दल घरच्यांचे दोन दिवस ऐकून घेतले होते. राजवाडा सांगतो तो पूर्वी कोणी काय मिळवले ते. आज कोणाच्या ताटात काय पडते, आणि ते कोणाच्या ताटातून येते, हे कळायला बाजारच लागतो. हल्ली तर कुठल्याही देशाचा बाजार त्या देशापुरता उरलेला नाही. म्हणून माझा भाचा आम्स्टेलव्हीनला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे हे निमित्त साधून मी तिथे पोचलो, आणि पहिल्याच रात्री त्याला म्हणालो, ‘‘मला आल्समेरचा फुलांचा लिलाव पाहायचाय.’’

‘‘मामा, इथं मी सहा वर्षं राहतोय,’’ तो म्हणाला, ‘‘अजून कुणी पाहुणा लिलाव बघायला आला नव्हता.’’

लिलाव पहाटेच सुरू होतो. आम्ही अंधारातच बस पकडली. रस्ता सरळ, सपाट, आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे चर. हा सगळा मुलूख समुद्रसपाटीच्या खाली आहे. शेजारचा स्किपॉल विमानतळ ज्या जमिनीवर उभा आहे, तिथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचे प्रचंड सरोवर होते. वाफेच्या पंपांनी तीन वर्षे उपसून डच लोकांनी ते १८५२ साली कोरडे केले. जे लोक सरोवर उपसून जमीन काढतात, ते त्या जमिनीवर बाजरी पेरणार नाहीत हे उघड आहे. काचघरांचा पिवळसर उजेड दूरवर ढगांवर पडला होता. भाचा म्हणाला, ‘‘तो सूर्य नव्हे, शेवंती.’’ शेवंतीला रात्रीच्या दिव्यांनी फसवावे लागते. दिवस लांब आहे असे तिला वाटले की ती वाढत राहते, अंधार लांबवला की कळ्या धरते.

बाजाराची इमारत बाहेरून एखाद्या मोठ्या गोदामासारखी आहे, आत शिरल्यावर मात्र डोळे फिरतात. १९७२ साली ती उघडली आणि नंतर वाढतच गेली. प्रेक्षकांसाठी वरून एक लांबच लांब पूल काढला आहे. खाली पाहावे तो चाकांच्या उंच मांडण्यांचे तांडेच्या तांडे, आणि प्रत्येक मांडणीवर बादल्यांत उभी केलेली फुले. एक छोटे विजेचे इंजिन अशा दहाबारा मांडण्या मागे बांधून वळणे घेत जाते. माणसे उभ्यानेच ती चालवतात, शिट्टी वाजवतात, एकमेकांना चुकवतात. गुलाबाची आगगाडी, तिच्या मागे जर्बेराची, मध्येच कुठल्याशा हिरव्या पानांची मालगाडी. इतकी फुले, आणि वास जवळजवळ नाही! इथला माल टिकावा म्हणून पिकवलेला असतो. वास हा फुलाचा खर्च आहे असे एका माळ्याने मला पूर्वी सांगितले होते, त्याचा अर्थ त्या पुलावर उलगडला.

आणि मग ते घड्याळ. भिंतीवर मोठी वर्तुळे, कडेने आकडे, आणि त्यांवरून धावणारा एक दिवा. आपल्याकडे लिलाव खालून वर चढतो. इथे तो वरून खाली उतरतो. माल कोणाचा, जात कोणती, दांडी किती लांब, बादल्या किती, हे पडद्यावर येते. दिवा चढ्या किमतीवरून सुटतो आणि भराभर खाली येऊ लागतो. जो पहिल्यांदा बटण दाबील त्याचा माल, त्या आकड्याला. किती बादल्या हव्यात ते तो सांगतो, उरलेल्यांसाठी दिवा पुन्हा वर जातो. एका सौद्याला काही सेकंद पुरतात. आपल्या लिलावात माणूस चढाओढीने, हावेपोटी बोलतो. इथे तो भीतीपोटी बटण दाबतो. थोडा थांबला तर स्वस्त मिळेल, आणखी थोडा थांबला तर दुसरा घेऊन जाईल. हा जुगार डोक्यात चालतो, तोंडातून शब्द निघत नाही. मार्केट यार्डात वाढलेल्या माणसाला ती शांतता चमत्कारिक वाटते. माझ्या कानांना ओरडा हवा होता.

ही युक्ति निघाली भाजीपायी. आम्स्टरडॅमच्या उत्तरेला ब्रूक ऑप लांगेडाइक नावाचे गाव आहे. तिथे भाजीवाल्यांच्या होड्या कालव्यांतून यायच्या आणि व्यापारी एकेका होडीला गाठून भाव पाडायचे. १८८७ साली तिथे उतरत्या भावाचा लिलाव सुरू झाला, आणि पुढे बांधलेल्या लिलावघरात होड्या मालासकट आत शिरू लागल्या. आल्समेरच्या फुलवाल्यांनी १९११-१२ च्या सुमारास तोच मार्ग धरला. दोन संस्था निघाल्या, त्या १९६८ मध्ये एक झाल्या, आणि २००८ मध्ये आणखी एका मोठ्या संस्थेत मिळून आजची रॉयल फ्लोराहॉलंड झाली. वर्षाकाठी पाचशे कोटी युरोंच्या आसपास उलाढाल असलेली ही सहकारी संस्था फुले पिकवणाऱ्यांच्या मालकीची आहे. सहकार हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते ते माझ्याही डोळ्यांपुढे आले. पण ते बाजूला ठेवून सांगतो, की बाजाराची जागा विकणाऱ्याची असली तर निदान तराजू कुठे ठेवायचा हे तो ठरवतो.

भाव मात्र तोही ठरवू शकत नाही. एका मर्यादेखाली दिवा गेला की माल विकत नाहीत, नष्ट करतात. मार्च २०२० मध्ये साथीने युरोपातली दुकाने बंद झाली तेव्हा ह्याच इमारतीत फुलांचे डोंगर कचऱ्यात गेले. हे ऐकताना मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पुण्याचा रस्ता दिसत होता. सकाळी शंभरावर गेलेला झेंडू संध्याकाळी फुकट घ्या म्हटले तरी कोणी घेत नाही, आणि टेम्पोवाला परत न्यायचे भाडे नको म्हणून तिथेच ओतून जातो.

आता मौज पाहा. त्या मांडण्यांवरचे गुलाब पाहून मी भाच्याला म्हणालो, ‘‘डच गुलाब बाकी छान हं!’’ त्याने एका खोक्याकडे बोट दाखवले. त्यावर केनिया लिहिले होते. पुढच्यावर इथिओपिया. केनियात नैवाशा नावाचे सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरांहून उंच. विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे बारा महिने बारा तासांचा दिवस. उंचीमुळे रात्री थंड, त्यामुळे कळी सावकाश आणि मोठी वाढते. काचघर तापवायला नको, आणि मजुरी किती हे वेगळे सांगायला नको. संध्याकाळी तोडलेले फूल रात्रीच्या विमानात चढते आणि इथे घड्याळाखालून जाते. मग त्यातले पुष्कळसे पुन्हा ट्रकात बसून जर्मनीला, फ्रान्सला रवाना होते. म्हणजे फूल आफ्रिकेचे, पाणी आफ्रिकेचे, हात आफ्रिकेच्या बाईचे, आणि ते ‘हॉलंडचे फूल’ म्हणून दुसऱ्याच देशातल्या फुलदाणीत. ह्या लोकांनी जमीन समुद्रातून काढली खरी, पण त्यांचे खरे पीक मध्ये बसण्याचे आहे. सतराव्या शतकात ह्याच लोकांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती, ती काही तिथे मिरी पिकवायला नव्हे.

२०१० च्या एप्रिलात आइसलंडमध्ये एक ज्वालामुखी भडकला आणि राखेमुळे युरोपचे आकाश सहाएक दिवस बंद पडले. राख आइसलंडची, आणि रोजगार बुडाला नैवाशाच्या मजुरांचा. तोडलेली फुले तिथेच सडली, कामगारांना घरी बसवले गेले. त्यांतल्या कितीजणांनी आइसलंडचे नाव त्यापूर्वी ऐकले असेल? जग जवळ आले असे आपण व्याख्यानातून सांगतो. जवळ आले म्हणजे काय, ते त्या आठवड्यात त्या बायांना समजले.

ह्या देशाला फुलांचा सट्टाही ठाऊक आहे. १६३७ च्या फेब्रुवारीपर्यंत इथे ट्यूलिपच्या कांद्यांचे सौदे गुत्त्यांत बसून होत, तेही कांदा अजून जमिनीत असताना. त्या व्यवहाराला ते लोक वाऱ्याचा व्यापार म्हणत. मग एके दिवशी हार्लेममध्ये गिऱ्हाईकच पुढे येईना. सारा देश भिकेला लागला ही गोष्ट अलीकडचे इतिहासकार मानत नाहीत. नुकसान झाले ते मुख्यतः काही श्रीमंत हौशी मंडळींचे. तरी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ती गोष्ट इतकी आवडते, की खरे सांगून त्यांचा विरस करू नये.

पुलाच्या टोकाशी लिलावाची दालने आहेत. काचेमागे थिएटरसारख्या चढत्या बाकांच्या रांगा, प्रत्येक जागेवर बटण. त्या बाकांवर पूर्वी शेकडो व्यापारी बसत. मी गेलो तेव्हा बहुतेक बाके रिकामी होती. व्यापारी आता आपल्या घरी, कचेरीत, पडद्यापुढे बसून खरेदी करतात, आणि फुलांच्या मांडण्याही घड्याळासमोरून जात नाहीत. जाते ते त्यांचे चित्र. शिवाय निम्म्याहून अधिक व्यापार घड्याळाला वगळून सरळ करारानेच होतो. मोठ्या दुकानांच्या साखळ्यांना रोजचा धडधडणारा भाव नको असतो. म्हणजे जे पाहायला मी सातासमुद्रांपलीकडे आलो, ते माझ्या डोळ्यांदेखत उठून चालले होते.

तिथे कठड्याला टेकून एक वृद्ध गृहस्थ उभे होते. आमचे हिंदी चेहरे पाहून त्यांनीच बोलणे काढले. आयुष्यभर काचघरात गुलाब केले म्हणाले. आधी आफ्रिकेच्या गुलाबाने जेरीस आणले, म्हणून मुलाने दुसरी फुले लावली. मग २०२२ मध्ये गॅसचे दर भडकले आणि काचघर तापवणे परवडेना. मुलाने ते विकले. ‘‘तरी मी येतो,’’ ते म्हणाले. ‘‘जावई म्हणतात भाव फोनवर दिसतात. पण घड्याळ पाहिल्याशिवाय भाव खरा वाटत नाही.’’

मी त्यांना मावळातल्या गुलाबांविषयी सांगितले. तळेगावच्या बाजूला प्लॅस्टिकच्या छपरांखाली हजारो मजूर फेब्रुवारीच्या व्हॅलेन्टाइनसाठी गुलाब तयार करतात आणि ते विमानाने परदेशी जातात. एखाद्या वर्षी विमानभाडे इतके चढते, की मुंबई-दिल्लीचा बाजारच बरा म्हणून माल देशातच राहतो. एका लाल जातीचे नाव ‘टॉप सीक्रेट’ आहे हे ऐकून ते खूप हसले. मग म्हणाले, ‘‘तुम्ही स्वतः फुले करता?’’

मी मराठी शिकवतो म्हणालो. वडील पुरंदरात शेवंती आणि अंजीर करीत. आमच्या घरी शनिवारची वाट पाहिली जाई ती पट्टीसाठी. पट्टी म्हणजे अडत्याचा हिशेबाचा कागद. वर मालाचे आलेले पैसे, खाली अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडे, आणि सर्वांत खाली जे उरले ते. एकदोनदा ती उलटी आली होती, म्हणजे माल विकून आम्हीच देणे लागत होतो. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२३ साली सोलापूरच्या बाजारात पाचशेबारा किलो कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला होता. हे इंग्रजीत सांगताना मला ‘उलटी पट्टी’ला शब्द सापडेना. भाच्याने तीनदा प्रयत्न केला.

‘‘आणि भाव कसा ठरे?’’ त्यांनी विचारले. ‘‘घड्याळ होते?’’

उघडा लिलाव करावा असा कायदा आमच्या राज्यात १९६३ सालीच झाला आहे. तथापि लहानपणी वडिलांबरोबर गेलो असता मी जे पाहिले होते ते मी त्यांना करून दाखवायचे ठरवले. खिशातून हातरुमाल काढला, त्यांचा हात हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. आत त्यांची दोन बोटे दाबली, मग चार, मग पंजा. त्यांनी डोळे मोठे केले. बोटाबोटांचा आकडा असतो, मी सांगितले. अडत्या आणि व्यापारी असे उभे राहतात, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, आणि भाव ठरतो.

‘‘म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काहीच समजत नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि तुमचे वडील कुठे उभे असत?’’

‘‘बाजूला.’’

रुमाल अजून आमच्या हातांवरच होता. खालून आफ्रिकेच्या गुलाबांची एक लांबलचक आगगाडी शिट्टी वाजवीत गेली.

‘‘मग त्यांना भाव कळायचा कसा?’’

‘‘पोस्टाने,’’ मी म्हणालो.