ऊन, ढग आणि तिसरी हवा

वडिलांचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा अजून आमच्या गगनबावड्याच्या घरात, फडताळात आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत कित्येक मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा होता. १२० क्रमांकाचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो, मागच्या तांबड्या खिडकीतून सरकणारे आकडे. भिंगापाशी प्रकाशासाठी एक खिट्टी. तिच्या खुणा दोन, सूर्य आणि ढग. या कॅमेऱ्याच्या लेखी जगात हवा दोनच प्रकारची होती.

गगनबावड्यात मात्र तिसरी हवा चार महिने मुक्कामाला असते. करूळ आणि भुईबावडा घाटांतून धुके वर चढते, गगनगड दिसेनासा होतो आणि भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. त्या उजेडात कॅमेऱ्याचे काही चालत नसे. म्हणून मृगाआधी वडील तो कापडात गुंडाळून ठेवीत, तो थेट दसऱ्याला बाहेर काढीत.

परिणाम असा, की आमच्या अल्बममध्ये पाऊसच नाही. अंगणात उन्हाने डोळे बारीक केलेली माणसे आहेत. इरले पांघरून भातलावणीला निघालेली एकही बाई नाही. परक्याने तो चाळला तर हे गाव कोरडे होते असेच त्याला वाटेल. छायाचित्राला आपण पुरावा मानतो. त्या पुराव्यात काय यायचे हे खिट्टीवरच्या दोन खुणांनी आधीच ठरवलेले असते, हे ध्यानात येत नाही.

अपवाद एकच. १९७९च्या श्रावणात आजी अंथरुणाला खिळली. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. वडिलांनी तिला ओसरीवर टेकवून बसवले, खिट्टी ढगावर सरकवली आणि फोटो काढला. कोल्हापुराहून धुऊन आला तेव्हा त्यात करडा काळोख, लुगड्याचा काठ आणि गुडघ्यावर ठेवलेला एक हात एवढेच होते. भाद्रपदात आजी गेली. भिंतीवर लावायला चेहरा नाही, याची खंत वडिलांना अखेरपर्यंत राहिली. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, त्यांचाही नव्हता. पण आपण उशीर केला, असे ते म्हणत.

आज अल्बम उघडला की मी त्याच पानावर थांबतो. आजी सारे आयुष्य ज्या उजेडात वावरली तो उजेड आमच्याकडे त्या एकाच फोटोत आहे. हे वडिलांना सांगायचे राहून गेले.