सिंदफणेची वेलांटी

परवा माजलगावला घरी गेलो. चहा व्हायच्या आधीच ताईने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. सोमवारी प्रबंध द्यायचा, अन् टेकवर्क्स पीडीएफ काढेना! लाटेक वापर, हा आगाऊ सल्ला माझाच..

टेकवर्क्स आपणहून पीडीएफलाटेक चालवतो. युनिकोड देवनागरी दिसली की तो अडतो. झीलाटेक निवडलं. एरर गेला, पण पानं जवळपास कोरी! लॉगमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर'च्या रांगा. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. फॉन्टस्पेकमधून लोहित देवनागरी दिला. अक्षरं उमटली, पण 'सिंदफणा'ची वेलांटी 'स'च्या उजवीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरंही फुटलेली.

"दोन रात्री शुद्धलेखनच तपासतेय रे मी," ताई हळूच म्हणाली.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. युनिकोडमध्ये आधी 'स' साठवतात, मग वेलांटी; ती डावीकडे न्यायची, हे फॉन्टच्या ओळीत 'स्क्रिप्ट=देवनागरी' लिहिल्यावरच कळतं. तेवढं लिहिलं. टाइपसेट.

ताईने पहिलं पान बोट ठेवून वाचलं. "हां, आता आपली सिंदफणा."

चहा गार झाला होता. असो. यापुढे सल्ला देताना फॉन्टची ओळही सोबत देईन म्हणतो!