दवाखान्याचा कचरा कोण उचलतो?

दवाखाना म्हटला की आपल्याला डॉक्टर आठवतो, नर्स आठवते, औषधाचे बिल आठवते. दवाखान्यातून बाहेर पडणारा कचरा कोणालाच आठवत नाही. रक्ताने भिजलेला कापूस, वापरलेल्या सुया, सलाईनच्या नळ्या, शस्त्रक्रियेत कापून काढलेला अवयव, बाळंतपणानंतरची वार, लॅबमधल्या रक्ताच्या बाटल्या, थुंकीचे नमुने. हे सगळे रोज कुठेतरी जाते. ते आपोआप जात नाही, कोणाचा तरी हात ते उचलतो. तो हात कोणाचा आहे, हे विचारल्याशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे होय.

आम्ही गेली काही वर्षे आमच्या शहरातल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांमध्ये काम करतो. दवाखान्यांत आणि लॅबमध्ये कचरा उचलणाऱ्या ज्या ज्या माणसांशी आम्ही बोललो, ती बौद्ध, मातंग, वाल्मिकी, मेहतर आणि काही भटक्या जमातींमधली होती. दवाखाना बदलतो, ठेकेदार बदलतो, सुपरवायझर बदलतो. वस्ती मात्र तीच राहते. संविधानाने जातीवरून काम ठरवलेले नाही, कोणत्याही जाहिरातीत तसे लिहिलेले नसते. तरीही ठेकेदाराला माणसे हवी असली की तो बरोबर आपल्याच वस्तीत येतो. त्याला पत्ता कोणी दिला?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना अॅट्रॉसिटीची कलमे पाठ आहेत, पण या कायद्याचे नावही माहीत नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ मध्ये आले. मार्च २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करायचा असतो. पिवळ्या पिशवीत अवयव, रक्ताचा कापूस, मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज असे प्लास्टिक. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. लॅबमधले रक्ताचे आणि जंतूंचे नमुने लॅबमध्येच निर्जंतुक करून मगच बाहेर पाठवायचे. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

हे झाले पिशव्यांचे. आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्याच नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचे असते. कामावर घेताना आणि दरवर्षी आरोग्य तपासणी करायची असते. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असते. हातमोजे, मास्क, बूट द्यायचे असतात. अपघात झाला तर त्याची नोंद ठेवायची असते, अगदी सुई टोचल्याचीसुद्धा. ही जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे. 'तो माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे' हे उत्तर या नियमांपुढे टिकत नाही. कारण नियमात दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांबरोबरच हा कचरा हाताळणाऱ्या इतरांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

आणि प्रत्यक्षात काय घडते? आमच्या वस्तीतल्या एक मावशी एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षे कचरा उचलत होत्या. वॉर्डातल्या साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोणीतरी वापरलेली सुई टाकली होती. पिशवीला गाठ मारताना ती त्यांच्या तळहातात घुसली. सुपरवायझरने पट्टी बांधून कामाला लावले. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले, तेही सहज बोलता बोलता. आम्ही घाबरून विचारू लागलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "टोचतच असतं रे बाळा. किती वेळा सांगत बसू?" अकरा वर्षांत त्यांना हिपॅटायटिसची एकही लस मिळाली नव्हती. ती लस असते हेही त्यांना माहीत नव्हते.

त्याच रात्री आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. सुई कोणाला वापरली होती हे कोणीच सांगू शकत नव्हते. म्हणून एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या सुरू झाल्या, २८ दिवसांच्या. मळमळ, चक्कर, आणि त्यात रोज कामावर जाणे. नंतरच्या तपासण्या चांगल्या आल्या. पण आम्ही रुग्णालयाकडे अपघाताची नोंद मागितली आणि पुढच्या महिन्यात मावशींचे नाव हजेरीतून गायब झाले. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली, पाठपुरावा केला. शेवटी त्या रुग्णालयातल्या सगळ्या सफाई कामगारांना लस मिळाली, तिन्ही डोस. मावशींना मात्र परत घेतले नाही. आज त्या चार घरची धुणीभांडी करतात. हा हिशेब आम्ही विसरत नाही, आणि विसरू देणारही नाही.

काही जण म्हणतील, एका सुईचे एवढे काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाधित रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका सुमारे ३० टक्के, हिपॅटायटिस सी चा १.८ टक्के आणि एचआयव्हीचा ०.३ टक्के असतो. म्हणजे ज्या एचआयव्हीला आपण सगळ्यात जास्त घाबरतो त्याच्यापेक्षा हिपॅटायटिस बी चा धोका शंभरपट आहे. आणि नेमकी त्याचीच लस उपलब्ध आहे, ती फार महागही नाही. तरी ती दिली जात नाही. याला आम्ही निष्काळजीपणा म्हणत नाही. ज्याच्या जिवाची किंमत आधीच ठरलेली आहे, त्याच्यावर खर्च न करण्याचा हा निर्णय आहे. गुजरातमधल्या मोडासा येथे २००९ मध्ये वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी ची साथ पसरली आणि अनेक रुग्णांचे जीव गेले. तेव्हा देशभर बातम्या झाल्या. सफाई कामगाराला रोज टोचणाऱ्या सुईची बातमी होत नाही.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या कचऱ्यासारखाच साधा असतो. धोकादायक भाग १५ टक्क्यांच्या आसपास. पण दोन्ही एकत्र झाले की सगळाच कचरा धोकादायक होतो. वेगळे करण्याचे काम सुई वापरणाऱ्या हाताचे आहे, म्हणजे डॉक्टरचे, नर्सचे, लॅब टेक्निशियनचे. सुई डब्यात टाकायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद वरचा माणूस वाचवतो आणि त्याची किंमत खालचा माणूस चुकवतो. समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्हाला लुई द्युमाँची शुद्ध-अशुद्धतेची मांडणी शिकवली गेली. वॉर्डात उभे राहिल्यावर कळते की प्रश्न नुसत्या विटाळाच्या कल्पनेचा नाही. घाण कोणी करायची आणि कोणी उचलायची हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न आहे. जात कामाची नुसती वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली वाटते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते.

मध्यंतरी विहारात वंदनेनंतर आम्ही हा विषय ठेवला. तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने थेट विचारले, "बाबासाहेबांनी ही घाणेरडी कामं सोडायला सांगितली. तुम्ही मात्र हातमोजे वाटताय. म्हणजे आपली माणसं त्याच कामात राहावीत, फक्त जरा सुरक्षित, असंच ना?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्यासारखी लादलेली कामे सोडण्याचा आग्रह धरला. आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ती कामे सोडली, गावाचा बहिष्कार सोसला. तो वारसा आम्हाला मान्य आहे.

पण आमचे उत्तर असे. हे काम सोडणे हे ध्येय आहेच. मावशींची नात नर्सिंगला गेली पाहिजे, लॅब टेक्निशियन झाली पाहिजे, त्याच रुग्णालयाची डॉक्टर झाली पाहिजे. मात्र ती शिकेपर्यंत जी सुई मावशींच्या हातात घुसते तिचे काय? 'काम सोडा' हे सांगणे सोपे आहे, सोडल्यावर चूल कशी पेटेल हे सांगणे अवघड आहे. आणि बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते हे आपण का विसरतो? कामगार आज ज्या स्थितीत आहे तिथेच त्याला हक्क मिळाला पाहिजे, हीसुद्धा बाबासाहेबांचीच वाट आहे. शिवाय दवाखान्याचा कचरा कोणी ना कोणी उचलावाच लागणार. लस, प्रशिक्षण, नीट पगार आणि कायम नोकरी सक्तीची झाली की हे काम कौशल्याचे होते. मग ते एका जातीच्या गळ्यात बांधून स्वस्तात करून घेता येत नाही. सुरक्षिततेचा आग्रह म्हणजे जातीच्या कामाला पॉलिश नाही. जातीमुळे मिळणारी स्वस्ताई बंद पाडण्याचा तो मार्ग आहे.

हा प्रश्न दवाखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. पिवळी पिशवी भट्टीत जाळली जाते. भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते, वायू तिथे किमान दोन सेकंद राहावा लागतो. तसे झाले नाही आणि कचऱ्यात क्लोरीनयुक्त प्लास्टिक असले तर डायॉक्सिनसारखे विषारी वायू बाहेर पडतात. मग ही भट्टी कुठे उभी राहते? मुंबईत ती गोवंडीत, देवनारच्या कचराभूमीच्या शेजारच्या गरीब वस्तीत उभी राहिली. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कचरा मलबार हिलच्या रुग्णालयाचा असो की कुठलाही, धूर मात्र दलित, मुस्लिम, गरीब वस्तीच्या छातीत.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या संघटना रक्तदान शिबिरे आणि आरोग्य शिबिरे घेतात. चांगलेच आहे. पण २०१६ चे नियम रक्तदान, लसीकरण आणि आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. म्हणून शिबिर ठरवतानाच रक्तपेढीला विचारा की सुया आणि कापूस ती परत नेणार का, पांढरा डबा आणणार का. शिबिरानंतर मंडपातला कचरा झाडायला येणारी बाई आपलीच मावशी असते. बाबासाहेबांच्या जयंतीला तिच्या हातात सुई घुसू नये, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी उद्यापासून करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. आपल्या वस्तीतले कोण कोण दवाखान्यात, लॅबमध्ये, कचऱ्याच्या गाडीवर काम करते त्याची यादी करा. प्रत्येकाला विचारा, हिपॅटायटिस बी चे तीन डोस झाले का? नसतील तर दवाखान्याकडे लेखी मागणी करा, पोच घ्या. सरकारी रुग्णालय असेल तर प्रशिक्षणाची, लसीकरणाची आणि अपघातांची नोंद माहिती अधिकारात मागा. खासगी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. एकट्या कामगाराच्या नावाने अर्ज करू नका, संघटनेच्या नावाने करा. एकट्याची नोकरी जाते, सगळ्यांची घालवता येत नाही.

आणि हे प्रत्येक घरात सांगा. सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्य तर दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. सुपरवायझर काय म्हणेल याची वाट पाहू नका.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. या विषयात शिकण्याची पहिली पायरी म्हणजे २०१६ चे नियम वाचणे. ते वाचा, वस्तीत वाचून दाखवा, आणि मग दवाखान्याच्या दारात दहा जण मिळून जा.

जय भीम!