फूल जुनं, नाव नवं

बँकॉकला लोक शॉपिंगला जातात. मी मात्र आल्याच्या एका लांबच्या बहिणीला भेटून आले. तेही चक्क सिमेंटच्या जिल्ह्यात!

बँकॉकचा प्लॅन साधा होता. केतकी, माझी कॉलेजातली रूममेट, तिथे आयटीत आहे. तिच्याकडे राहायचं, चातुचक मार्केटमध्ये बॅगा भरायच्या आणि परत यायचं. तारखा ठरवताना माझी एक चूक झाली. मी पोचले ती १० जुलै २०२५ ला, म्हणजे आपल्या गुरुपौर्णिमेला. थायलंडमध्ये तो बौद्ध सण. बरीच दारूची दुकानं बंद, रस्ते सुस्त.

‘‘अगं, उद्या खाओ फन्सा आहे. येतेस?’’ केतकीनं विचारलं.

‘खाओ’ ऐकून मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, फूड फेस्टिव्हल! पण थाई भाषेत इथे ‘खाओ’ म्हणजे प्रवेश आणि ‘फन्सा’ म्हणजे आपली वर्षा. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. आपल्या चातुर्मासाचाच हा भाऊ. पावसाचे तीन महिने फिरायचं नाही, एकाच विहारात राहायचं. कारण मोठं गोड आहे. पावसात कोवळे कोंब उगवतात, बारीक जीव बाहेर पडतात. भिक्खूंच्या पायांखाली ते चिरडतात अशी तक्रार लोकांनी केली आणि बुद्धांनी हा नियम घातला, असं सांगतात.

तर मंडळी, सकाळी सहाला आम्ही मिनीव्हॅनमध्ये. मुक्काम : साराबुरी प्रांतातलं वाट फ्रा फुत्थबात. ‘फुत्थबात’ म्हणजे बुद्धपाद. सतराव्या शतकात राजा सोंगथामच्या काळात इथे खडकात बुद्धाचं पाऊल सापडलं, असं मानतात. कथा अशी की, एका शिकाऱ्यानं जखमी केलेलं हरीण झुडपात शिरलं आणि ठणठणीत होऊन बाहेर आलं. शिकारी बघायला गेला, तर पाणी साठलेली पाऊलखूण! आज तिच्यावर सोनेरी नक्षीचा मंडप आहे. वर जायला तीन जिने, कडेला नागांचे कठडे.

पण त्या दिवशी गर्दीचं लक्ष नागांकडे नव्हतं. प्रत्येकाच्या हातात उदबत्ती, मेणबत्ती आणि फुलांची जुडी. इथे भिक्खूंच्या पात्रात फुलं वाहतात. ‘ताक बात डोक माय’ म्हणतात त्याला. ‘बात’ म्हणजे पात्र, ‘डोक माय’ म्हणजे फुलं. भिक्खू ती वर पाऊलखुणेशी वाहतात. उतरताना लोक त्यांच्या पायांवर पाणी घालतात, त्यातही फुलं.

मी जुडी निरखून पाहिली. एक फूल जांभळट पानांतून लोंबणारं, पिवळं, धनुष्यासारखा बाक असलेलं. त्याचं नाव ‘हाँग हेन’, उडता हंस. दुसरं ताठ दांड्यावरचं. पाकळ्यांसारखी फिकट गुलाबी पानं आणि त्यांतून डोकावणारं इवलंसं पिवळं फूल. हा ‘यूंग थोंग’, म्हणजे सोनेरी मोर. दोघांना मिळून लोक ‘डोक खाओ फन्सा’ म्हणतात. आणि दोघंही आल्याच्या कुळातली! आपल्या चहातलं आलं, हळद, वेलची, आजीच्या केसातला सोनटक्का, सगळी एकाच घरची.

आता खरी गंमत. तो सोनेरी मोर विज्ञानाला ‘सापडला’ कधी? २००१ मध्ये! अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे जॉन क्रेस आणि डेन्मार्कचे काय लार्सन यांनी तो नोंदवला. नुसती नवी प्रजाती नाही, अख्खी नवी जात, म्हणजे वनस्पतींचं नवं आडनावच म्हणा ना. एडिंबराच्या आलेतज्ज्ञ रोझमेरी स्मिथ यांच्यावरून नाव ठेवलं ‘स्मिथॅट्रिस’.

फुलं विकणाऱ्या मावशींना केतकीनं हे थाईमध्ये सांगितलं. त्या खळखळून हसल्या. ‘‘मी लहान असताना आजीबरोबर डोंगरावरून हेच तोडून आणायचे की!’’

मग शास्त्रज्ञांना इतका उशीर का? कारण आल्याचं कूळ भेटायला अवघड. यांची फुलं नाजूक, बरीचशी एका दिवसात मिटणारी. कागदात दाबून वाळवली तर आकारच जातो, म्हणून ती द्रावणात बुडवून ठेवावी लागतात. आणि हे डोंगर चुनखडीचे. पाणी फटीतून झरझर खाली जातं, माती म्हणजे खडकाच्या खोबणीतली मूठभर. कोरड्या महिन्यांत हे झाड पानं टाकून देतं आणि गड्डा जमिनीखाली झोपून राहतो. पहिला पाऊस पडला की कोंब आणि वर्षावासाच्या तोंडावर फूल. आपल्या सह्याद्रीतली रानहळदही अशीच पावसाबरोबर येते आणि जाते. वेळ चुकली की उरतो नुसता दगड.

दगड मात्र सगळ्यांना दिसतो. परतताना रस्त्यालगत एक टेकडी अर्धीच उरलेली. पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली, पांढरीफटक. थायलंडचं बहुतांश सिमेंट याच साराबुरीत बनतं आणि सिमेंटला लागते चुनखडी.

चुनखडीच्या टेकड्या म्हणजे बेटंच. एकीवर जे उगवतं ते शेजारचीवर असेलच असं नाही. मलेशियात बुकित पांचिंग नावाच्या एकाच टेकडीवर एक इवलीशी गोगलगाय राहायची. खाणीनं २००३ पर्यंत टेकडी संपवली, गोगलगायही संपली. तिथल्याच दुसऱ्या एका टेकडीवर २०१४ मध्ये नवी गोगलगाय मिळाली. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ते तिथे खाण चालवणाऱ्या सिमेंट कंपनीचंच! टोमणा म्हणा, नाहीतर जबाबदारीची आठवण.

मी खिडकीतून ‘श्शी!’ म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. बँकेचा मेसेज, फ्लॅटचा ईएमआय कट झाल्याचा. अकरावा मजला, टू बीएचके. माझा फ्लॅटही कुठल्यातरी टेकडीतूनच आलाय. चंद्रपूरच्या चुनखडीतून असेल किंवा आणखी कुठल्या. तिथे पावसात काय फुलत होतं, हे बुकिंगच्या वेळी मी विचारलं नव्हतं. ब्रोशरमध्ये क्लबहाऊसचा फोटो होता, टेकडीचा नव्हता.

फ्लॅट सोडून गुहेत राहा असं मी म्हणत नाहीये, बॉस. पण टेकडी फोडण्याआधी एक पावसाळा थांबून कोणी बघून तरी घ्यावं. कोंबांसाठी भिक्खू तीन महिने थांबतात. आपल्याला एवढी कसली घाई आहे?

कसं जाल?
बँकॉकहून उत्तरेला रस्त्यानं साधारण दोन-अडीच तास. आषाढ पौर्णिमेच्या आसपासच जा, एरवी फूल भेटणार नाही. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, छत्री न्या. आणि फुलं डोंगरावरून तोडू नका. आता ती शेतातही लावतात, तीच मावशींकडून विकत घ्या.