खेकड्याचं बिऱ्हाड

माणगाव, जि. रायगड

चि. ईशा,


तुझं पत्र पोचलं. खेकडा पाळायचा ठरवलायस आणि दोन फुटी टाकी घरात येऊनही पडली, हे वाचून ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिची समजूत तू काढ, टाकीचं मी सांगतो. ती रिकामी आहे हे फार बरं झालं. अजून महिना-दीड महिना तिच्यात खेकडा येऊ देऊ नकोस.

आधी खेकडा कोणता, ते ठरव. इथल्या शेतातला मुठा नेऊ का, म्हणून विचारतेस. नको. पावसाच्या पहिल्या सरींना मुठे बाहेर पडतात, पोरं बॅटऱ्या घेऊन बांधावर फिरतात, हे तू पाहिलंयस. पण वर्षातले कोरडे महिने तो जमिनीखाली काढतो. ओल लागेपर्यंत बीळ खोल नेतो आणि तळाशी बसून राहतो. 2019 साली चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला होता. आरोप कुणाला पटला नाही, पण खेकडा पोखरतो हे मात्र खोटं नाही. एवढी खोली तुझ्या टाकीत कुठून येणार? घाटातला रंगीत खेकडा तर उचलूच नकोस. सह्याद्रीतल्या कितीतरी जाती एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या सड्यापुरत्याच सापडतात. 2016 साली एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींची नोंद झाली. ज्यांची नावं आत्ता कुठे लागताहेत, त्यांना शहरात आणून मारण्यात काय शहाणपण?

दुकानात ‘रेड क्लॉ’ नावाचा लाल नांग्यांचा खेकडा दाखवतील. माशांच्या टाकीत ठेवलेला असतो आणि सारखा फिल्टरच्या नळीवर चढून बसलेला दिसतो. बघणाऱ्याला मौज वाटते. त्याला बिचाऱ्याला जमीन हवी असते. तो खाजणातला, खारफुटीतला जीव. त्याला निमखारं पाणी लागतं, आणि तेही स्वयंपाकाच्या मिठाने होत नाही, समुद्री क्षारांचं मिश्रण आणावं लागतं. नुसत्या गोड्या पाण्यात तो काही दिवस तग धरतो म्हणून दुकानदाराचं फावतं.

मला विचारशील तर जावा बेटावरचा ‘व्हॅम्पायर’ खेकडा घे. नावाला घाबरू नकोस. जांभळ्या अंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा, इंचभरही रुंद नसलेला प्राणी आहे. गंमत म्हणजे हौशी लोक तो वर्षानुवर्षं पाळत होते, पण शास्त्राने त्याला नाव दिलं 2015 मध्ये. त्याला गोडं पाणी चालतं. आपल्या मुठ्यासारखीच त्याचीही मादी पिल्लांसाठी समुद्राकडे जात नाही. अंडी पोटाखाली धरून ठेवते आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर पडतात. म्हणूनच त्याची पैदास घरच्या टाकीतही होते. तेव्हा रानातून पकडलेला नको, टाकीत जन्मलेलाच दे, असं दुकानदाराला बजाव. एक नर आणि दोन-तीन माद्या पुरेत. पोटाखालची झडप नराची अरुंद, मादीची रुंद. बाजारात कुर्ली उलटी करून बघतात ते हेच.

आता टाकी. अर्धी जमीन आणि अर्धं पाणी असं सगळे सांगतात. या खेकड्यासाठी मी दोन वाटे जमीन आणि एक वाटा पाणी ठेवीन, कारण तो बहुतेक वेळ जमिनीवरच असतो. मधे पाच इंच उंचीची काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटव. सिलिकॉन मत्स्यालयाचं घे, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पुरता जाईपर्यंत पाणी घालू नकोस. पाणी चार इंच खोल ठेवलंस तर जेमतेम सहा लिटर होईल. एवढंसं पाणी लवकर घाण होतं, म्हणून छोटा स्पंज फिल्टर लाव आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदल. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते आत जाऊ देऊ नकोस.

जमिनीच्या बाजूला तळाशी खडी, तिच्यावर जाळी, आणि वर खत न घातलेलं कोकोपीट व धुतलेली वाळू, पाच इंच तरी. खडी यासाठी की जास्तीचं पाणी खाली उतरावं आणि वरची माती कुजू नये. माती मुठीत दाबलीस तर तिचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पट्टीच्या दोन्ही अंगांना काळे दगड असे रच की खेकड्याला पाण्यातून चालत बाहेर येता यावं. वर साल, लाकडाचे तुकडे आणि देशी बदामाची वाळलेली पानं टाक. ती पानं त्याचा आडोसाही आहेत आणि खाणंही.

हा सगळा खटाटोप ओलाव्यासाठी. जमिनीवर राहिला तरी खेकडा श्वास घेतो कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले असले तरच ते काम करतात. बाजारातल्या टोपलीत कुर्लीच्या तोंडाशी फेस येतो, तो कल्ल्यांजवळ उरलेलं पाणी ती हवेत घुसळत असते म्हणून. टाकीतली हवा कोरडी पडली तर शेजारी पाणी असूनही जीव हैराण होतो. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर राहू दे. तुमच्या पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी रोज पाण्याचा फवारा मारावा लागेल. झाकण घट्ट हवं. हवेच्या नळीसाठी ठेवलेली फट म्हणजे खेकड्याचा दरवाजाच, तिथे स्पंज ठास.

आणि ताईला एक निरोप दे: त्या खोलीत डासांचं मशीन लावायचं नाही, झुरळांचा फवारा मारायचा नाही. कीटक मारणारी ही औषधं खेकड्यालाही मारतात; दोघं संधिपादच. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं, तीही टाकीपासून लांब ठेव. खेकड्याच्या स्वतःच्या रक्तात तांबं असतं, तरी पाण्यातलं जास्तीचं तांबं त्याला सोसत नाही.

सगळ्यात अवघड काळ कात टाकण्याचा. कवच वाढत नाही, त्यामुळे वाढायचं तर ते उतरवावंच लागतं. त्याआधी खेकडा खाणं सोडतो आणि मातीत किंवा सालीखाली दडून बसतो. जुन्या कवचातून मागच्या बाजूने निघतो तेव्हा अंग मऊ असतं. पाणी शोषून तो फुगतो आणि नवं कवच हळूहळू घट्ट होतं. या अवस्थेत सोबतचे खेकडेच त्याला खातात. म्हणून जितके खेकडे, त्याहून जास्त लपायच्या जागा ठेव. टाकलेली कात उचलू नकोस, त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला तो ती खातो. शिवाय काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून एक तुकडा ठेव. तुटलेली नांगी पुढच्या काही कातींत पुन्हा उगवते. खेकडा आठवडाभर दिसला नाही म्हणून माती उकरणं हा मात्र त्याचा जीव घ्यायचा सोपा मार्ग आहे. सतत दिसणारा प्राणी हवा असेल तर मासे पाळ.

खायला उकडलेलं गाजर, काकडी, अधूनमधून बिनमिठाचा सुका जवळा. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी काढून टाक.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या महिना-दीड महिन्याचं. नव्या पाण्यात घाण पचवणारे जिवाणू नसतात. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं कमी घातक नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहा आणि पाणी तपास. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तसेच राहिले की मला कळव, आणि मगच दुकानात जा.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा